गिरणीवर उडणारं यान

जुन्नर-आंबेगावात तुम्ही कुठंही राहत असाल तर माझा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. "जुन्या साड्या, फाटक्या साड्या, जरीच्या साड्या द्या आणि नवीन भांडी घ्या" असं म्हणत जो टेम्पो गल्लीत येतो, त्यातली बाई म्हणजे मी. भंगारवाल्याच्या गाडीवरची पण मीच, आणि ऊसतोडीच्या दिवसात "बिबट्यापासून सावध राहा, लहान मुलांना एकटं सोडू नका" सांगत फिरणारी पण मीच. आई म्हणते, तुला बघायला पावणं आले आणि तेवढ्यात दारात टेम्पो आला तर काय सांगायचं त्यांना. मी म्हणलं, सांग, पोरगी लई फेमस हाय.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही म्हणून फोन आला तेव्हा मला वाटलं, हे रिटायर झालेल्या माणसांनी लिहायचं असतं. पण एक काम असं झालंय की ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, म्हणून लिहितेय. फोनवर दोन अंगठ्यांनी टाईप करतेय, वाक्यं धावली तर सांभाळून घ्या.

नारायणगावात माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पशुखाद्याच्या दुकानाच्या वरची एक खोली, भिंतींना मावशीनं शिवलेल्या गोधड्या टांगलेल्या, खालून पेंडीचा वास. पंखा आहे पण लावता येत नाही, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. लोकांना वाटतं आम्ही आवाज पकडतो. खरं तर आमचा निम्मा दिवस नको ते आवाज बाहेर ठेवण्यात जातो. त्यात आमच्याकडं आणखी एक गंमत. शेतीची थ्री फेज लाईट आली की आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज बसतं, आणि गिटारच्या तारेतून भुंगा शिरल्यासारखं गुणगुणायला लागतं. म्हणून माझ्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लाईटचं वेळापत्रक चिकटवलंय. मुंबईच्या स्टुडिओत कलाकाराची तारीख बघतात, मी मोटारींची बघते.

गिऱ्हाईकं एकेक असतात. एकदा निवडणुकीत दोन विरोधी उमेदवारांच्या प्रचाराच्या क्लिपा माझ्याकडंच झाल्या. दोघांनाही भाषणामागं टाळ्या पाहिजे होत्या. टाळ्या माझ्याकडं एकच होत्या, कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगच्या. दोघांनाही त्याच दिल्या. दोघंही म्हणाले, आपल्याच जास्त वाटतात.

आणि एक भजनी मंडळाचे बुवा. म्हणाले, आवाज देवळातल्यासारखा घुमला पाहिजे. मी कॉम्प्युटरमधला देऊळ नावाचा इफेक्ट लावला. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "घुमतोय. पण हे आमचं देऊळ न्हाई." मी हसले तेव्हा. नंतर त्यांच्या देवळात जाऊन टाळ्या वाजवून तिथला घुमारा रेकॉर्ड करून आणला, मग बुवा खूश. तेव्हा मला ते बुवांचं खूळ वाटलं होतं. आता नाही वाटत, आणि त्याला कारण पुढची गोष्ट.

एका दुपारी अक्षय आणि सोहेल आले. अक्षय खोडदचा. टोमॅटो-कांद्याची शेती, आणि शेताच्या पलीकडं त्या रेडिओ दुर्बिणीच्या आभाळाकडं तोंड केलेल्या मोठ्या तबकड्या. त्यांच्याकडं बघत वाढलाय, त्यामुळं चालताना पण मान वर. तो गातो आणि गिटार वाजवतो. सोहेल जुन्नरचा, घरची बँजो पार्टी, वरातीत ताशा वाजवत मोठा झाला आणि आता ड्रम वाजवतो. त्यांच्या बँडचं नाव 'थ्री फेज'. नाव ऐकूनच मी काम घेतलं.

अक्षयनं पिशवीतून पाच बारकी पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. एकाची पानं गुलाबी, एकाची पिवळी, एकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फिकट गणपती.

"ही काय लग्नपत्रिका हाय का?" मी विचारलं.

"सायन्स फिक्शन हाय," अक्षय म्हणाला. "पाच भाग. मालिकेचं नाव 'पुनर्वसन'. आपल्याला याचा अल्बम करायचाय. रॉक. सुटी गाणी न्हाई, पयल्या गाण्यापासून शेवटापर्यंत एकच गोष्ट."

पुस्तकं सोहेलच्या आजोबांच्या धाकट्या भावानं लिहिलेली. त्यांना सगळं घोडेगाव रज्जाकचाचा म्हणतं. एसटी स्टँडजवळ त्यांची छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका छापतात. पत्रिकांचा उरलेला कागद वर्षभर साठवायचा आणि त्याच्यावर स्वतःची कादंबरी छापायची, ही त्यांची पद्धत. म्हणून परग्रहावरच्या वादळाचं वर्णन चालू असतं आणि कोपऱ्यात गणपती.

गोष्ट थोडक्यात अशी. एका गावात धरणाचं पाणी येणार असतं. गावाला सांगतात, तुमचं पुनर्वसन होईल. जागा कुठं, तर दुसऱ्या ग्रहावर. मग अख्खं गाव भांडीकुंडी, शेळ्या, बी-बियाणं घेऊन यानात बसतं. पाच भाग यान चालूच आहे. यानात लग्नं लागतात, भावकीची भांडणं होतात, एक तलाठी जिथं अजून पोचलेच नाहीत त्या जमिनीची मोजणी करून ठेवतो. पाचव्या भागाच्या शेवटी ग्रह दिसतो, यान त्याच्याभोवती घिरट्या घालतं, आणि पुस्तक संपतं. सहावा भाग नाही. चाचांना विचारलं की म्हणायचे, "कागद संपला."

चाचा स्वतः जुन्या आंबेगावचे. आमच्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते गावच आता डिंभ्याच्या धरणात आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोडं वर येतं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही.

आम्ही महिनोन्महिने काम केलं. गाणी लई भारी झाली, मी स्वतः बेस कीबोर्डवर वाजवलाय म्हणून म्हणत नाही. तलाठ्याचं गाणं तर अक्षयनं असं ओरडून गायलंय की खालचा पेंडवाला वर बघायला आला, काय झालं म्हणून. शेवटचं गाणं 'माती' नावाचं. त्यात यान उतरतं, लोक खाली पाय टाकतात, आणि गिटार वर वर चढत जाते. ते गाताना अक्षयचा आवाज एका जागी फाटतो, तो मी तसाच ठेवला. माझ्या हातून झालेल्या कामात मला सगळ्यात आवडतं काम ते.

चाचांची परवानगी लागणार होती, ती मिळणारच असं धरून आम्ही चाललो होतो. तिघं घोडेगावला गेलो. चाचा कुणाच्यातरी पत्रिकेचं प्रूफ तपासत होते. त्यांनी चष्मा काढला, मी छोट्या स्पीकरवर अल्बम लावला. बाहेर डोंगरातल्या गाड्यांसाठी थांबलेली माणसं खिडकीतून डोकावायला लागली. तलाठ्याच्या गाण्याला चाचा हसले. लग्नाच्या गाण्याला टेबलावर ठेका धरला. शेवटचं गाणं संपल्यावर मात्र त्यांनी चष्मा परत घातला.

"यान कुणी उतरवलं?"

"मी, चाचा," अक्षय म्हणाला. "अल्बमला शेवट पायजे ना."

"मला नको व्हता का शेवट? लिवला न् फाडला, लिवला न् फाडला. उतरलं म्हंजे काय, बेटा? आमाला बी उतरवलं व्हतं ट्रकमधनं. सामान खाली टाकलं न् ट्रक गेला. त्याला उतरणं म्हणत असतील तर तुझं गाणं बराबर हाय."

मग चाचा माझ्याकडं वळले.

"आन् हे यान कसलं? मिक्सर चाललाय का?"

यानाचा आवाज मी केला होता. कॉम्प्युटरवर, चार थर लावून, खाली जाड गुरगुर आणि वर शिट्टी. मला त्याचा लई अभिमान होता.

"पुस्तकात काय लिवलंय?"

सोहेलनं गुलाबी पुस्तक उघडून वाचलं, "यान गिरणीसारखं वाजत होतं."

आम्ही तिघांनी हे वाक्य वाचलं होतं. आम्हाला वाटलं, लेखक लोक लिहितात तसं लिहिलंय.

चाचा म्हणाले, "आदी यानाचा आवाज आना. आला तर फुडचं बोलू. न्हाई आला तर गाणी तुमची, गोष्ट माझी. गोष्ट परत द्यायची."

म्हणजे आवाज नाही तर अल्बम नाही. अक्षयचा चेहरा पडला. दोन वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं, घरी बापाची बोलणी खात गाणी लिहिली होती.

मग चाचांनी चहा सांगितला आणि गिरणीचं सांगितलं. जुन्या गावात डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी होती. इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडावर डबा बसवलेला असायचा, त्यानं पुक-पुक असा आवाज लांब जायचा, गिरणी चालू आहे हे सगळ्या गावाला घरबसल्या कळायचं. गाव सोडायच्या आदल्या दिवशी ती गिरणी सकाळपासून थांबलीच नाही. नव्या जागी गिरणी असेल का नसेल, कुणाला माहीत नव्हतं. म्हणून ज्याच्या घरात जे धान्य होतं ते सगळं त्यानं दळून घेतलं.

"आमी पीठ घिऊन निघालो व्हतो," चाचा म्हणाले. "मग यान कशावर चालंल?"

आता अशी गिरणी शोधायची कुठं. सगळीकडं विजेच्या गिरण्या, त्या नुसत्या घूंऽ करतात. मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला. भंगारवाल्याचं उत्तर आलं, "ताई, इंजिन हाय पण तुकड्यात हाय." शेवटी साड्या-भांडीवाल्यानं सांगितलं, घाटघरच्या अलीकडं एका वाडीत लक्ष्मणदादाची गिरणी अजून इंजिनावर चालते, वादळवाऱ्यात तिकडची लाईट गेली की लवकर येत नाही म्हणून त्यानं ती मोडलीच नाही.

सोहेलच्या गाडीवरून गेलो. लक्ष्मणदादा भला माणूस, आम्ही लांबून आलोय म्हणून त्यानं लगेच हँडल मारून इंजिन चालू केलं. मी माईक इंजिनापासून हातभर अंतरावर धरला, दुसरा धुराड्याजवळ. आमच्या धंद्यात हेच शिकवतात, जवळ जा, म्हणजे दुसरं काही येत नाही. आवाज असा स्वच्छ आला की सोहेल म्हणाला, यान उडालंच.

चाचांनी ऐकलं. कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

"गिरणी खरी हाय," ते म्हणाले. "पण रिकामी पळतीय. आत दाणा न्हाई. बैल बिनगाडीचा पळतो तसं."

"दाणा टाकून परत घेते, चाचा."

"आन् माझं डोकं इंजिनात का घातलंस? आमचं घर नदीच्या अलीकडं, गिरणी पलीकडं. मी गिरणी घरातनं ऐकायचो. पाण्यावरनं यायची ती."

मला तेव्हा देऊळवाले बुवा आठवले. परतताना सगळ्या रस्त्यानं मी गाडीवर सोहेलच्या मागं बसून स्वतःशीच बडबडत होते, आवाज कसला आहे हे विचारून भागत नाही, कुठं बसून ऐकलाय ते विचारायला पाहिजे. सोहेल म्हणाला, "हेल्मेटमधी काय ऐकू येत न्हाई, मोठ्यानं बोल."

लक्ष्मणदादाला फोन केला तर म्हणाला, "त्या दिवशी तुझ्यासाठी रिकामी चालवली. तशी कुणी चालवत नसतो. बाजाराच्या आदल्या दिवशी ये, डबे भरपूर असत्यात."

त्या वाडीत पद्धत अशी की बाया सकाळी आपापला डबा गिरणीपुढं लाईनीत ठेवून जातात. डबा ठेवला की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भात लावो, गुरं बांधो, डबा तिच्या जागेवर उभा. कुणी पुढं सरकवत नाही, कुणी मागं ढकलत नाही. गिरणीचा आवाज बदलला की घरबसल्या कळतं, एकीचं झालं, दुसरीचं पडलं.

या वेळी मी ओढ्याच्या अलीकडं थांबले. गिरणी पलीकडच्या अंगाला, मधे पाणी, मागं डोंगर. हिराबाई नावाच्या मावशींच्या ओट्यावर स्टँड लावला. वारा होता म्हणून माईकवर माझा लोकरी मोजा चढवला.

"काय गं, ह्याला थंडी वाजती का?" हिराबाई म्हणाल्या.

"वाऱ्याचा आवाज येतो मावशी. गिरणीचा घ्यायचाय."

"आमच्या गिरणीचा? काय करणार न्हेऊन?"

"गाण्यात घालणार."

"गाण्यात गिरणी. मग भाकरी कशात घालशीला?"

सोहेल हसायला लागला, त्याला मी ओढ्याकडं पिटाळलं. मावशींना म्हणलं, मी हात वर केला की बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि ओट्याच्या टोकाला तांदूळ निवडत बसल्या. पलीकडं इंजिन चालू झालं.

खरंच पाण्यावरून आलं ते. पुक, पुक, पुक, आणि प्रत्येक पुकच्या मागं डोंगरातून आलेला बारीक दुसरा पुक. दाणे पडले की आवाज खाली बसायचा, जड व्हायचा, दमल्यासारखा. डबा संपत आला की हलका व्हायचा. आम्ही नुसते बसून राहिलो. रेकॉर्डर चालू होता.

बऱ्याच वेळानं लक्ष्मणदादानं इंजिन बंद केलं. डिझेल इंजिन एकदम थांबत नाही. पुक पुक, पुक, पुक… मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटचा एक पुक. मग शांत. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मी अजून हात खाली केला नव्हता, पण मावशींना कुठलं राहवतंय. त्या उठल्या आणि तोंडाला हात लावून पलीकडं ओरडल्या, "लक्ष्मणाऽ, माझं झालं का रं?"

मी घाईनं रेकॉर्डर बंद केला.

असा शेवटचा भाग आम्ही नेहमी कापतो. सुरुवातीची खुडबूड आणि शेवटची शेपटी कापायची, मधला स्वच्छ तुकडा ठेवायचा. पण अक्षयला धीर नव्हता. तो घोडेगावला चाचांकडं जाऊन बसला होता, सारखा फोन. म्हणून आम्ही वाडीतून निघालो ते थेट प्रेसवर. फाईल तशीच कच्ची लावली. फक्त सुरुवातीपासून न लावता शेवटच्या डब्यापासून लावली.

चाचांनी खुर्ची भिंतीकडं वळवली. पाठ आमच्याकडं. पुक पुक चालू झालं आणि त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली, मग हलायची थांबली. अक्षय माझ्याकडं बघत होता, मी त्यांच्या पाठीकडं. बराच वेळ गेला. मग आवाज हलका होत गेला, आणि इंजिन बंद व्हायला लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अरे, शेपटी कापायची राहिली. पुक. पुक. शेवटचा पुक. पाणी. आणि हिराबाई, डोंगरात घुमलेल्या, "लक्ष्मणाऽ, माझं झालं का रं?"

"चाचा, ते शेवटचं चुकून राहिलंय," मी म्हणाले. "कापते मी."

"हात लावू नको."

ते तसेच भिंतीकडं तोंड करून बसले. बाहेर कुठल्यातरी गाडीचा कंडक्टर बेल वाजवत होता. मग ते म्हणाले, "पोचले."

थोड्या वेळानं खुर्ची वळवली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"ट्रक गेल्यावर आमच्यात कुणीच काय बोललं न्हाई," ते म्हणाले. "सामानावर बसून राहिलो सगळी. माझा बाप, आई, शेजारचे. मी यान किती येळा उतरवलं, पर दार उघडलं की सगळी माणसं गप. गप माणसांचं काय लिवायचं? कुणीतरी एवढं तरी इचारायला पायजे व्हतं, माझं झालं का म्हणून."

मग ते अक्षयला म्हणाले, "तुझं मातीचं गाणं लई चांगलं हाय. पर आता ह्या बाईच्या फुडं ते नको."

त्या गाण्यात अक्षयचा आवाज जिथं फाटतो ती जागा मला माहीत होती आणि त्याला पण. मग तो म्हणाला, "न्हाई चाचा, हिच्या फुडं कायच नको."

अल्बम तसाच आला. शेवटी गाणं नाही. नुसती गिरणी चालते, थांबते, पाणी, आणि एका बाईचा प्रश्न. ऐकणारे विचारतात, फाईल अर्धी अपलोड झाली का. सोहेलकडच्या वरातीत तलाठ्याचं गाणं मात्र बँजोवर वाजायला लागलंय, नवरदेवाचे मित्र त्याच्यावर नाचतात. 'माती' माझ्या हार्ड डिस्कमध्ये आहे. कधीतरी स्टुडिओत कुणी नसताना ऐकते. वाईट वाटतं, आणि काढून टाकलं ते बरोबर होतं असंही वाटतं.

मध्ये मी हिराबाईंकडं जाऊन आले. त्यांना न ऐकवता कसं चालेल. ओट्यावर स्पीकर ठेवला आणि सगळा अल्बम लावला. ड्रम सुरू झाले तशा कोंबड्या पळाल्या. मावशी शेवटपर्यंत बसल्या, लग्नात मानापानाला बसतात तशा. गिरणी सुरू झाल्यावर जरा पुढं सरकल्या. स्वतःचा आवाज आला तेव्हा तोंडावर पदर घेतला.

"माझंच हाय की हे," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आन् फुडं?"

"पुढं काही नाही मावशी. संपलं."

"संपलं कसं? तिनं इचारलं ना, माझं झालं का. मग झालं का न्हाई? एवढी वाजवणारी पोरं, एकानं बी तिला सांगितलं न्हाई?"

मी म्हणलं, तुमचं दळण तर तेव्हा झालं होतं. त्या म्हणाल्या, "माझं झालं गं. त्या यानातनं वर गेलेल्या बाईचं इचारते मी."

येताना वाट वाकडी करून घोडेगावला गेले. लग्नसराई संपलेली, प्रेसमध्ये गुलाबी कागदाचे कापलेले तुकडे टेबलभर. चाचा त्याच्यावरच काहीतरी लिहीत होते, बारीक अक्षरात, मान खाली घालून. मी हिराबाईंनी काय विचारलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही, हातही थांबवला नाही.

"तिला म्हणावं, डबा लाईनीत हाय तुझा," ते म्हणाले. "नव्या जागी गिरणी बसवतोय अजून."